नदीच्या गाळातले जड धातू मोजताय? या चुका टाळा

गोव्यात नदीच्या गाळावर प्रकल्प करायचा म्हटले की पहिला प्रश्न यंत्राचा येतो. एएएस मिळेल की आयसीपी-एमएस (दोन्ही धातू मोजायची यंत्रे)? नमुने कुठे पाठवायचे? पण अहवाल वाचताना सापडणाऱ्या चुका यंत्राच्या क्वचितच असतात. त्या आधीच झालेल्या असतात, सुकतीला (ओहोटीला) चिखलात उभे राहून नमुना घेताना. नाहीतर नंतर होतात, आलेला आकडा कशाशी ताडायचा हे ठरवताना.

जांभ्याच्या मुलखाला परकी फूटपट्टी

सर्वांत जास्त नुकसान ही चूक करते. प्रदूषण किती हे सांगायला 'मूळ पातळी' (प्रदूषण नसतानाचे धातूचे प्रमाण) लागते, आणि बहुतेक जण डोळे मिटून 1961 साली टुरेकियन आणि वेडेपोल यांनी दिलेली जागतिक शेलची (चिखलापासून बनलेल्या खडकाची) सरासरी उचलतात: लोह 4.72 टक्के, क्रोमियम 90 पीपीएम (दशलक्षात 90 भाग), निकेल 68, शिसे 20. आता डिचोली, सत्तरी, सांगे डोळ्यांसमोर आणा. खाली लोहखनिजाचा पट्टा, वर जांभा, आणि म्हादईच्या (मांडवीचेच वरचे नाव) वरच्या अंगाला सह्याद्रीचा बेसाल्ट. जांभा तयार होताना सिलिका, चुना वाहून जातात आणि लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम मागे उरतात. ज्या ओहोळावर एकही खाण कधी नव्हती, त्याचा गाळही या फूटपट्टीवर 'प्रदूषित' ठरू शकतो.

हिशेब करून बघा. समजा तुमच्या नमुन्यात क्रोमियम 180 पीपीएम आले. म्युलरच्या भू-संचय निर्देशांकात नमुन्याला मूळ पातळीच्या दीडपटीने भागून दोनच्या पायाचा लॉग घेतात. मूळ पातळी 90 धरली तर उत्तर येते सुमारे 0.4, म्हणजे 'थोडे प्रदूषण'. स्थानिक पातळी 150 निघाली तर तोच नमुना उणे 0.3 वर जातो, म्हणजे 'प्रदूषण नाही'. गाळ तोच आणि यंत्रही तेच, फक्त बातमी उलटी.

मूळ पातळी त्याच पाणलोटातून काढा: गाळाच्या उभ्या नळीचा तळाचा भाग, किंवा त्याच खडकावरून येणारी पण खाण नसलेली उपनदी. काणकोणची तळपण नदी 'स्वच्छ' म्हणून उचलण्याचा मोह होतो, पण तिकडे ग्रॅनाइट भेटतो. मांडवीच्या गाळाशी त्याची तुलना करणे फारसे प्रामाणिक नाही.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे समृद्धी गुणांक (धातूला एका स्थिर मूलद्रव्याने भागून ते गुणोत्तर मूळ पातळीतल्या गुणोत्तराशी ताडणे) काढताना लोहाने भागणे. इतरत्र ते चालून जाते. इथे बार्जमधून वर्षानुवर्षे गेलेला मालच लोहाचा, म्हणजे ज्याच्यावर संशय त्यालाच पंच केल्यासारखे. ॲल्युमिनियम बरे, पण जांभ्यात तेही साठते, म्हणून लिथियमशी पडताळून पाहा.

वाळू आणि चिखल एकाच रांगेत

मिरामारचा नमुना 'स्वच्छ', दिवाडी-चोडणच्या खारफुटीतला 'दूषित', असे निष्कर्ष दरवर्षी वाचायला मिळतात. धातू बारीक कणांना चिकटतात. क्वार्ट्झच्या वाळूत ते जवळजवळ नसतातच. नदीच्या मुखाशी वाळू आणि आत खारफुटीत, कुंभारजुवे कालव्यात चिखल असणारच. तुम्ही प्रदूषण मोजले नाही, कणांचा आकार मोजलात.

63 मायक्रॉनच्या चाळणीतून ओला गाळ गाळून फक्त बारीक भाग तपासा, किंवा प्रत्येक नमुन्याशेजारी वाळू, सिल्ट (वाळूहून बारीक कण) आणि चिकणमातीची टक्केवारी छापा. चाळणी नायलॉनची घ्या. प्रयोगशाळेत सहज हाताशी असते ती पितळेची, म्हणजे तांबे आणि जस्त.

त्याच कारणाने पत्र्याची जस्ती बादली, स्टीलचा चमचा (क्रोमियम, निकेल) आणि गंजके फावडे घरीच ठेवा. प्लास्टिकचा चमचा आणि 10 टक्के नायट्रिक आम्लात भिजवून धुतलेल्या बाटल्या पुरतात. ग्रॅबने (तळातला चिखल उचलणाऱ्या लोखंडी जबड्याने) नमुना काढलात तर लोखंडाला टेकलेला चिखल सोडून मधला घ्या.

मे आणि ऑगस्ट

हे थोडक्यात. पावसात डोंगरावरची तांबडी माती थेट उतरते. मे महिन्यात भरतीचे पाणी खूप आतपर्यंत जाते आणि जुनाच गाळ पुढे-मागे हलवते. एका नदीचा मेमधला नमुना दुसरीच्या ऑगस्टमधल्या नमुन्याशी लावू नका. भरती होती की सुकती, तेही वहीत लिहा.

खाणबंदीच्या आधी आणि नंतर

सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. मग आमोणे किंवा सांवर्डे परिसरातला वरवरचा एक नमुना घेऊन जुन्या अहवालाशी ताडायचा, ही कल्पना मोहक आहे. पण वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये किती वर्षे मिसळली आहेत हे कोण सांगणार? खेकडे बिळे करतात, बार्जच्या पंख्याने तळ ढवळतो, खाजनाचे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचे) बांध दुरुस्त करायला लोक शेजारचा चिखल उपसतात.

म्हणून उभी नळी घ्यावी, दोन-दोन सेंटिमीटरचे काप करावेत आणि शिसे-210 या किरणोत्सारी शिशाने वय काढावे (त्याचे अर्धायुष्य सुमारे 22 वर्षे, म्हणजे शतकभराचा इतिहास त्यात बसतो). जागा निवडण्यापूर्वी तिथल्या एखाद्या होडीवाल्याला विचारा, इथे कधी ड्रेजिंग झाले का. कागदपत्रांपेक्षा लवकर उत्तर मिळते.

नळीत एक सापळा मात्र आहे, आणि त्यात चांगले चांगले अडकतात. वरच्या थरात मँगनीज एकदम वाढलेले दिसते. विद्यार्थी खूश: खनिज वाहतुकीचा पुरावा मिळाला! थोडे थांबा. काही सेंटिमीटर खाली प्राणवायू संपतो. तिथले सूक्ष्मजीव मँगनीजची ऑक्साइडे वापरतात, मँगनीज विरघळून कणांमधल्या पाण्यातून वर सरकते आणि प्राणवायू मिळताच पुन्हा घट्ट होते. कोबाल्ट, निकेलही त्याला चिकटून येतात. हे नदी स्वतःच करते, खाण असो वा नसो. टेसियरची 1979 ची टप्प्याटप्प्याने विरघळवण्याची पद्धत वापरून धातू कोणत्या रूपात आहे ते पाहा. मँगनीज ऑक्साइडांच्या टप्प्यात जास्त आणि खनिजाच्या जाळीत (स्फटिकरचनेत) तेवढेच राहिले असेल, तर आधी या वर सरकण्यावर संशय घ्या.

प्रयोगशाळेतली लक्षणे

प्रमाणित संदर्भ गाळात (ज्यातले धातू आधीच माहीत असतात) क्रोमियम फारच कमी येते? आम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणाने) सिलिकेट पूर्ण विरघळत नाहीत. हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते, आणि क्रोमाइट हे क्रोमियमचे खनिज त्यालाही दाद देत नाही. कोऱ्या नमुन्यात (ज्यात गाळ घातलेलाच नाही) जस्त दिसते? आधी हातमोजे बदला. आयसीपी-एमएसवर आर्सेनिक सगळीकडेच चढे? क्लोराइड आणि यंत्रातला आरगॉन मिळून आर्सेनिकच्याच, म्हणजे 75 वस्तुमानाचा आयन होतो. खाडीचे मीठ नीट धुतले गेले का ते बघा. पारा मोजायचा असेल तर नमुना भट्टीत भाजू नका. आणि कॅडमियम यंत्राच्या मर्यादेखाली असेल तर तसेच लिहा, शून्य नको.

आकड्यावरून भीती

गाळातल्या शिशाची तुलना पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेशी करू नये, हे सांगायची गरज पडू नये, पडते. अमेरिकी गाळ-निकषही जपून वापरा. त्यात निकेलची खालची मर्यादा 20.9 पीपीएम आहे आणि शेलची सरासरीच 68, म्हणजे निर्मळ चिखलही नापास.

लोकांचा खरा प्रश्न वेगळाच असतो: तिसऱ्या (शिंपले) खाव्यात की नाही? गाळातल्या एकूण धातूवरून त्याचे उत्तर निघत नाही, कारण बराचसा खनिजाच्या जाळीत अडकलेला असतो. तिसऱ्याच तपासाव्या लागतात. त्या आणल्या की दिवसभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा, नाहीतर त्यांच्या पोटातला चिखलच मोजला जाईल. शिवाय अन्नातल्या धातूंच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात आणि गाळाचे आकडे कोरड्या वजनावर. तक्त्यात रकान्याच्या डोक्यावर ते लिहिले नसेल, तर पुढचे वाचूच नका.