भूवैज्ञानिकाबरोबर घाटात जाताना

अशी संधी मिळाली तर पावसाळा सरल्यावर जा, कातळ धुऊन स्वच्छ झालेले असतात. खिशात छोटं भिंग हवंच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या थरांमध्ये विटकरी लाल पट्टा शोधा. एक थर निवल्यानंतर पुढचा येईपर्यंत त्याची झीज होऊन झालेली ती माती. मला तर काळ्या कातळापेक्षा हा पट्टाच जास्त बोलका वाटतो! दगडातली भोकं वायूच्या बुडबुड्यांची. त्यांत पांढरे स्फटिक असतील तर ते बहुधा झिओलाइट नावाचं खनिज. फोटो काढा, फोडू नका. वाटेत गणेशपुरीची गरम कुंडं लागली तर लक्षात ठेवा, ही उष्णता ज्वालामुखीची नव्हे. भेगांतून खोल उतरलेलं पाणी तिथे तापून वर येतं. कुंडात एकदम पाय घालू नका.