आधी ‘मी कोण’, मग ‘काळजी कशी’: ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान वाचू लागणाऱ्यांसाठी

ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाकडे, म्हणजे ज्याला ‘पेगन तत्त्वज्ञान’ असेही म्हणतात त्याकडे, आज येणारे बरेच विद्यार्थी रोमन सम्राट व तत्त्वज्ञ मार्कस ऑरेलियसचे एखादे वचन वाचून येतात आणि मन शांत ठेवण्याचा उपाय शोधत येतात. तो शोध खराच असतो. पण ज्याला हा विषय मुळापासून शिकायचा आहे त्याने ‘स्वतःची काळजी कशी घ्यावी’ या प्रश्नाआधी ‘ज्याची काळजी घ्यायची तो मी कोण’ हा प्रश्न ठेवावा, असे मी एम.ए.च्या अभ्यासापासून आजवर हे ग्रंथ एकटीने आणि विद्यार्थ्यांबरोबर वाचताना आलेल्या अनुभवावरून सांगते. इथल्या प्रत्येक पंथाची साधना त्याने या प्रश्नाला दिलेल्या उत्तरातून निघालेली आहे, आणि ते उत्तर बाजूला ठेवले तर साधनेचे केवळ नियम हाती उरतात.

सुरुवात प्लेटोच्या नावावरील ‘पहिला अल्किबियाडीस’ या संवादापासून करावी. तो प्लेटोचाच आहे की नाही याविषयी एकोणिसाव्या शतकापासून मतभेद आहेत, पण नवख्या वाचकाने त्यात अडकू नये. नवप्लेटोवादी, म्हणजे प्लेटोचा विचार पुढे नेणाऱ्या उत्तरकालीन परंपरेतल्या, आयम्ब्लिकसने प्लेटोच्या अध्ययनक्रमात हाच संवाद पहिला ठेवला होता, आणि पुढे त्याच परंपरेतल्या प्रोक्लस व ऑलिम्पिओडोरस यांनी त्यावर भाष्ये लिहिली. अथेन्सच्या सभेत उभे राहून नगराला सल्ला द्यायला निघालेल्या तरुण अल्किबियाडीसला सॉक्रेटिस विचारतो की जोड्यांची निगा राखणारी विद्या आणि पायांची निगा राखणारी विद्या एकच आहे का. ती एक नसेल, तर आपल्या मालकीच्या वस्तूंची काळजी घेणे म्हणजे स्वतःची काळजी घेणे नव्हे. पुढचा टप्पा असा, की चर्मकार हत्यार वापरतो आणि तो हत्याराहून वेगळा असतो. माणूस हातही वापरतो, डोळेही वापरतो, सगळे शरीरच वापरतो. म्हणून माणूस म्हणजे शरीर वापरणारा आत्मा. हा युक्तिवाद मी विद्यार्थ्यांना वहीत आपल्या शब्दांत पायरी-पायरीने लिहायला सांगते, कारण ‘वापरणारा वेगळा आणि वापरले जाणारे वेगळे’ या एका विधानावर किती भार टाकला आहे हे लिहितानाच कळते. याच संवादात, डोळ्याला स्वतःला पाहायचे असेल तर त्याने दुसऱ्याच्या डोळ्यातील बुबुळात पाहावे, असा दृष्टान्त येतो. म्हणजे आत्मज्ञानाला दुसरा माणूस लागतो, आणि सॉक्रेटिस सांगतो ती काळजी पहिल्यापासूनच दोघांतली आणि नगरासाठीची आहे.

मराठी वाचकाला इथे एक सोय असते आणि तीच अडचणही ठरते. आत्मा, विवेक, मनाचा निग्रह हे शब्द आपल्याला उपनिषदे, ज्ञानेश्वरी आणि दासबोध यांमुळे लहानपणापासून ओळखीचे असतात, म्हणून ‘हे तर आपल्याकडेही आहे’ असे वाटून वाचन तिथेच थांबते. कठोपनिषदातला रथ आणि प्लेटोच्या ‘फीड्रस’मधला रथ शेजारी ठेवून पाहावेत. कठात शरीर हा रथ आहे, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे, आणि आत्मा रथात बसलेला स्वामी आहे. प्लेटोच्या रथात स्वामी बसलेलाच नाही. पंख असलेली घोड्यांची जोडी आणि सारथी मिळून जे होते तोच आत्मा, आणि बेलगाम घोडाही त्या आत्म्याचाच भाग. म्हणून कठात इंद्रियांना आवरायचे असते, तर प्लेटोच्या माणसाला आपल्याच एका भागाशी रोज झगडावे लागते. हा फरक एकदा दिसला की तुलना फलदायी होते. त्याआधी ती करू नये.

यानंतर स्टोइक पंथाच्या, म्हणजे विवेकाने आणि सद्गुणाने जगण्यालाच सुख मानणाऱ्या पंथाच्या, एपिक्टेटसकडे वळावे, आणि त्याच्यापाशी सर्वांत जास्त वेळ थांबावे. तो हिरापोलिसमध्ये जन्मलेला गुलाम. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून घालवून दिल्यावर त्याने निकोपोलिस येथे पाठशाळा चालवली, आणि त्याची प्रवचने ॲरियन या शिष्याने लिहून ठेवली. त्यांतले चार भाग आज उपलब्ध आहेत. त्याच्या मते ‘मी’ म्हणजे निवडीची शक्ती. पायात बेडी घालता येईल, पण त्या शक्तीवर झ्यूसलाही मात करता येणार नाही, असे तो म्हणतो. इतकेच वाचणाऱ्याला हा एकट्याचा गड वाटतो, म्हणून दुसऱ्या भागातले दहावे प्रकरण वाचल्याशिवाय मत बनवू नये. तू कोण आहेस हे तपास, असे सांगून तो क्रमाने माणूस, जगाचा नागरिक, मुलगा, भाऊ अशा नात्यांची कर्तव्ये मांडतो. स्टोइकांच्या लेखी स्वतःला जपणे म्हणजे ही नाती निवडपूर्वक नीट निभावणे, आणि आजच्या स्वतःपुरत्या आत्मकाळजीहून हा विचार मला कितीतरी मोठा वाटतो.

साधना करून पाहिल्याशिवाय हे ग्रंथ पुरते उलगडत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. रोमन स्टोइक सेनेका ‘क्रोधाविषयी’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात रात्रीच्या आत्मपरीक्षणाचे वर्णन करतो: दिवा नेला जातो, सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प होते, आणि तो दिवसभराचे बोलणे-वागणे तपासतो, अमुक वादात तू फार भांडखोरपणे बोललास, पुन्हा असे करू नकोस, आज तुला क्षमा करतो. मी हे अनुसरून पाहिले तेव्हा त्यातली क्षमा किती महत्त्वाची आहे ते कळले, कारण तिच्यामुळेच तपासणीत काही लपवावेसे वाटत नाही.

दुसऱ्या एका पंथाचा संस्थापक ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्याबाबत एवढे ध्यानात ठेवावे की त्याचा आत्मा अणूंचा आहे आणि देहाबरोबर विखुरतो. म्हणून त्याच्याकडे काळजी म्हणजे मृत्यूचे आणि देवांचे भय दूर करणे. नवप्लेटोवादाचा प्रवर्तक प्लोटायनस मात्र घाईने हाती घेऊ नये. त्याच्याकडे ‘आपण’ कोण हे आपण आत्म्याच्या कोणत्या पातळीवर जगतो त्यावर ठरते, आणि स्वतःची मूर्ती घडवत राहा हा त्याचा उपदेश त्या पार्श्वभूमीशिवाय निव्वळ सुविचार होऊन बसतो. पर्शियन आणि भारतीय तत्त्वज्ञान जाणून घेण्यासाठी तो सम्राट गॉर्डियनच्या मोहिमेबरोबर निघाला होता, असे त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. पण मोहीम फसली आणि तो भारतापर्यंत पोहोचला नाही, तेव्हा एवढ्या आधारावर अद्वैताच्या प्रभावाचा सिद्धान्त उभारू नये.

आधुनिक विवेचनांपैकी मिशेल फुको यांची १९८१-८२ मधली व्याख्याने आणि पिएर आदो यांचे लेखन, या दोन फ्रेंच तत्त्वज्ञांचे दोन्ही एकत्र वाचावे. फुको स्वतःला घडवण्यावर फार भर देतात, असा आदो यांचा आक्षेप होता. सेनेकाला आनंद ‘स्व’मध्ये नव्हे, तर ‘स्व’च्या उत्तम भागात सापडतो, असे आदो दाखवून देतात. मला आदो यांचे म्हणणे अधिक पटते, पण मूळ ग्रंथ वाचल्यावरच हा वाद समजतो.

मूळ ग्रीक-लॅटिन संहिता आणि इंग्रजी अनुवाद समोरासमोर छापणारी लोएब मालेची पुस्तके मोठ्या ग्रंथालयांत पाहायला मिळतात, आणि ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर बऱ्याच संहिता विनामूल्य आहेत. पहिल्या वर्षात अल्किबियाडीस, सॉक्रेटिसचे न्यायालयातले भाषण (प्लेटोचे ‘अपॉलॉजी’), एपिक्टेटसचे पहिले दोन भाग आणि सेनेकाची निवडक पत्रे एवढे पुरे. जमल्यास एका सहाध्यायीबरोबर मोठ्याने वाचावे आणि प्लोटायनस दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा.