कोकणात मूळ घर शोधायला निघताय?
आधी सातबारा काढा. कोकणात एकेका तुकड्यावर सहहिस्सेदारांची ही लांबलचक यादी असते. एरवी डोकेदुखी, पण आपल्याला तीच हवी. त्यावरचे फेरफार (म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) क्रमांक टिपून तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार मागा. वारसनोंदीत कोण कधी वारलं, मागे कोण राहिलं, ते सापडतं. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, तेव्हा जुन्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ दिसलं म्हणून गोंधळू नका. मोडीतला दस्त असेल तर फोटो काढून जाणकाराला दाखवा.

जायचं चतुर्थीत. मुंबईचे चाकरमानी तेव्हाच घरी सापडतात (तिकिटाचं मात्र आधीच बघा). आणि गावात शिरल्या शिरल्या जमिनीचं नाव नको! हिस्सा मागायला आलात असंच वाटेल. देवळात जाऊन गुरवाला आजोबांचं नाव सांगा, वाडी तोच दाखवेल.