पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या गाडीला घासलं तर काय करायचं (आणि आपल्या गाडीला कुणी घासलं असेल तर)

रस्त्यावर कुणाच्या गाडीला घासलं तर तो माणूस बहुतेक परत कधी दिसत नाही, पण बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये घासलं तर तोच माणूस उद्या सकाळी लिफ्टमध्ये असतो, संध्याकाळी जिन्यात असतो, आणि त्याची मुलं आपल्या मुलांबरोबर खेळत असतात. त्यामुळे इथे दोन कामं असतात, गाडीचं नुकसान निस्तरायचं आणि बोलणं तुटू द्यायचं नाही. भांडण होतं ते बहुतेक वेळा या दोन्हींची गल्लत झाली की होतं. माझं मत असं आहे की गाडीचा विषय जितक्या लवकर फोटो, माप आणि गॅरेजवाल्याच्या एस्टिमेटवर नेऊन ठेवाल तितकं एकमेकांशी वाद घालायला कमी उरतं.

१. आधी थांबा, गाडी झटकन मागे घेऊ नका

घासल्याचा आवाज आला की पाय आपोआप गाडी बाजूला काढायला जातो. तसं करू नका, कारण दोन बंपर एकमेकांत अडकलेले असतील तर ओढाताणीत समोरच्याचा बंपर क्लिपांमधून निखळतो आणि पॉलिशने गेलं असतं ते काम बंपर बदलण्यापर्यंत जातं. हँडब्रेक लावा, उतरा, नीट बघा कुठे काय अडकलंय. कुणाला लागलं असेल तर अर्थात आधी ते, मग दवाखाना, पोलीस, विमा जे लागेल ते, गाडीचं नंतर.

मग फोटो. आधी लांबून, दोन्ही गाड्या, खांब, जमिनीवरच्या रेषा सगळं एकत्र दिसेल असा, मग थोडं जवळून नंबर प्लेट आणि लागलेला भाग एकाच फोटोत, आणि मग अगदी जवळून. टेप मिळाली तर ओरखडा जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजा आणि टेपसकट फोटो घ्या, पुढे याचा फार उपयोग होतो. शेजाऱ्यांच्या गाडीवर जुने डाग-ओरखडे असतील तर तेही फोटोत येऊ द्या, पण त्यावरून लगेच बोलायला जाऊ नका. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या, कारण चॅटवर पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती बऱ्याचदा निघून जाते.

हे झालं की गाडी ज्या वाटेने आली त्याच वाटेने, स्टिअरिंग तसंच ठेवून, हळूहळू बाहेर काढा, शक्य असेल तर कुणालातरी बाजूला उभं करून.

२. त्याच दिवशी सांगा, आणि स्वतः जाऊन सांगा

या सगळ्यात हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. शेजाऱ्यांना स्वतः खाली जाऊन ओरखडा सापडला आणि मग वॉचमनकडून कळलं की तो तुमच्या गाडीमुळे आलाय, तर तिथून पुढे तुम्ही कितीही पैसे दिले तरी "लपवून ठेवलं होतं" हे पुसलं जात नाही. तेच तुम्ही तासाभरात दार वाजवून सांगितलंत तर चिडलेला माणूससुद्धा लवकर उतरतो, कारण राग काढायला फक्त ओरखडा उरतो, फसवणूक नाही.

काय बोलायचं? ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माफीवर संशोधन केलं होतं, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माफीचे सहा भाग पाडून त्यांनी बघितलं की लोकांना कुठला भाग पटतो, तर सगळ्यात जास्त वजन होतं "चूक माझी आहे" या कबुलीला, त्यानंतर "मी भरून देतो" याला, आणि सगळ्यात कमी वजन होतं "मला माफ करा" या विनंतीला. पार्किंगसाठी हे अगदी चपखल बसतं. म्हणजे साधारण असं बोला: "काका, मगाशी गाडी लावताना माझ्याकडून तुमच्या मागच्या बंपरला घासलं. चूक माझी आहे. तुम्ही एकदा खाली येऊन बघता का, दुरुस्तीचं काय ते मी बघतो." एवढंच. "जरासंच आहे हो" म्हणू नका, किती आहे ते गाडीच्या मालकाने ठरवायचं. आणि "तुमची गाडी पण थोडी रेषेबाहेर होती" हे तर अजिबात नको, खरं असलं तरी आत्ता नको.

घरी कुणी नसेल तर फोन करा, फोनही लागला नाही तर वायपरखाली चिठ्ठी ठेवा, त्यात नाव, फ्लॅट नंबर, फोन नंबर, कधी घासलं ती वेळ, आणि चिठ्ठीचाही फोटो काढून ठेवा कारण वाऱ्याने उडाली तर तुमच्याकडे काहीच राहत नाही. संध्याकाळी तरी जाऊन भेटाच.

एक सावधगिरी मात्र हवी. नुकसान मोठं दिसत असेल, म्हणजे लाइट फुटलाय, पत्रा वाकलाय, सेन्सर गेलाय, आणि विमा वापरावा लागेल असं वाटत असेल, तर काय झालं ते सांगा, वाईट वाटतंय तेही सांगा, पण "सगळा खर्च माझा" असं लेखी देण्याआधी विमा कंपनीला फोन करा. बऱ्याच पॉलिसींमध्ये अशी अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही किंवा पैशाचं वचन द्यायचं नाही. छोटं काम खिशातून करणार असाल तर हा प्रश्न येत नाही, मोकळेपणाने बोला.

३. नुकसान नक्की किती आहे ते दोघांनी मिळून बघा

इथे वेळ द्या. बहुतेक तणाव इथेच तयार होतो, एकाला वाटतं पुसलं की जाईल आणि दुसऱ्याला वाटतं अख्खा दरवाजा बदलायला लागेल, आणि दोघंही अंदाजाने बोलत असतात.

गाडीवर रंगाचे थर असतात, पत्र्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून कंपनीतून येताना साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतं, म्हणजे जेमतेम ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. आता ओल्या मऊ फडक्याने तो भाग स्वच्छ करा (धूळ असेल तर कोरडं घासू नका, नवीन ओरखडे पडतील). ओलं असताना ओरखडा दिसेनासा होत असेल आणि त्यावरून नख फिरवल्यावर अडकत नसेल, तर तो बहुतेक क्लिअर कोटमध्येच आहे आणि कंपाउंड (रंगाचा वरचा थर हलकेच घासणारी पेस्ट) आणि पॉलिशने जाईल. नख अडकत असेल तर खोल आहे, रंगकाम लागण्याची शक्यता धरा. आतला पत्रा उघडा पडला असेल तर दुरुस्ती फार लांबवू नका, लोखंडी पत्रा गंज धरतो. बंपर मात्र हल्ली जवळजवळ सगळ्याच गाड्यांचा प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही.

पुष्कळदा जे ओरखडे म्हणून दिसतं तो खरं तर दुसऱ्या गाडीचा रंग चिकटलेला असतो, पांढऱ्या गाडीवर लाल पट्टा वगैरे. दिसायला भयंकर दिसतो पण कंपाउंडने बराचसा निघतो. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत कुणीही रकमेचा आकडा तोंडातून काढू नये, ना देणाऱ्याने ना घेणाऱ्याने.

पोचा असेल आणि त्यावरचा रंग तडकला नसेल तर रंग न लावता आतून दाबून डेंट काढणारे कारागीर असतात, त्यांना आधी दाखवा. पॅनलच्या कडेवर किंवा ठसठशीत रेषेवर पोचा असेल तर मात्र ही पद्धत अवघड जाते. उलट बाहेरून बंपर ठीक दिसतो पण आतल्या क्लिपा, ब्रॅकेट किंवा पार्किंग सेन्सर हललेला असतो असंही होतं, त्यामुळे बंपर आणि बाजूच्या पॅनलमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का बघा, सेन्सर चालतात का ते रिव्हर्स टाकून बघा.

अजून एक गोष्ट, कारण यावरून गैरसमज फार होतात. मेटॅलिक किंवा पर्ल रंगाच्या गाडीचा एकच दरवाजा रंगवला तर उन्हात तो वेगळा दिसू शकतो, म्हणून पेंटर बऱ्याचदा शेजारच्या पॅनलवर रंग विरवत नेतो. एस्टिमेटमध्ये न घासलेल्या पॅनलचं नाव दिसलं की लगेच शेजारी लुबाडतायत असं समजू नका, गॅरेजवाल्याला कारण विचारा.

४. विमा की खिशातून

शेजाऱ्याला कधीही "तुमचा इन्शुरन्स आहे ना, क्लेम टाका की" असं म्हणू नका. त्यांनी स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केला तर सुरुवातीची ठरावीक रक्कम त्यांच्याच खिशातून जाऊ शकते आणि नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाऊ शकतो, म्हणजे चूक तुमची आणि पुढच्या वर्षीचा प्रीमियम त्यांचा वाढणार. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान तुमच्या पॉलिसीच्या थर्ड पार्टी भागात कसं येतं ते तुम्ही तुमच्या कंपनीला विचारायचं.

हिशोब साधा आहे. क्लेममध्ये स्वतः भरायची रक्कम अधिक बोनस गेल्यामुळे वाढणारा प्रीमियम, हे मिळून दुरुस्तीच्या खर्चाच्या आसपास जात असेल तर खिशातूनच द्या. नुसत्या ओरखड्याला सहसा तेच परवडतं. क्लेम करायचाच असेल तर कंपनीला कळवण्याआधी आणि त्यांच्या माणसाने गाडी बघण्याआधी दुरुस्ती सुरू करू नका.

५. पैसे थेट गॅरेजला द्या

रोख रक्कम हातात ठेवली की नंतर कुणाला तरी कमी वाटते, कुणाला तरी जास्त. गॅरेज शेजाऱ्यांच्या पसंतीचं, दुसरं एस्टिमेट हवं असेल तर तुम्ही आणा, आणि बिल तुम्ही थेट भरा. गाडी दोन-तीन दिवस अडकणार असेल तर त्यांच्या येण्याजाण्याचं काय ते स्वतःहून विचारा, हे लोक विसरतात आणि समोरच्याच्या मनात तेच राहतं. शेवटी दोघांमध्ये एक साधा मेसेज असू द्या, अमुक तारखेला अमुक भागाला लागलं होतं, दुरुस्ती झाली, बिल भरलं, विषय संपला. दोघांनी "ओके" म्हटलं की पुरे.

आता उलट बाजू: तुमची गाडी घासलेली सापडली, आणि शेजाऱ्यांवर संशय आहे

संशय आणि खात्री यात फार अंतर आहे, आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकून "ज्याने केलं त्याने पुढे यावं" असं लिहिणं म्हणजे त्या अंतराकडे डोळेझाक करणं. ज्याने केलंय तो चारचौघांत कबूल करत नाही आणि ज्याने केलेलं नाही तो दुखावतो.

आधी सीसीटीव्ही. रेकॉर्डर भरला की जुन्यावरच नवीन रेकॉर्डिंग करत जातो, किती दिवसांचं टिकेल ते डिस्क आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर असतं, तेव्हा आजच कमिटीला लेखी कळवून त्या वेळेचं रेकॉर्डिंग काढून ठेवायला सांगा. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे-मागे असू शकतं म्हणून स्क्रीनवरची वेळ आणि फोनवरची वेळ दोन्ही टिपून ठेवा.

मग उंची मोजा. तुमच्या दारावरची खूण जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल आणि त्यांच्या बंपरचा बाहेर आलेला कोपरा ५० वर असेल तर त्या कोपऱ्याने ती केली असणं अवघड आहे, मग दुसऱ्या कुणाचं तरी दार, सायकलचं हँडल असं काही असेल. चिकटलेला रंग कुठला आहे तेही बघा. हे सगळं जुळलं तरी पहिलं वाक्य आरोपाचं नको, "दादा, माझ्या डाव्या दाराला काल रात्री काहीतरी घासलंय, तुमच्याही गाडीला काही लागलंय का जरा बघता का?" असं विचारा. यात समोरच्याला खरं सांगायला जागा मिळते. लहान मुलाच्या सायकलने झालेलं असेल तर मुलाला नाही, आईवडिलांना एकांतात सांगा.

बोलणं आधीपासूनच बिनसलेलं असेल तर

जागेच्या बाबतीत माणूस विचित्र हट्टी होतो. १९९७ मध्ये बॅरी रुबॅक आणि डॅनियल जुइंग यांचा अमेरिकेतल्या एका मॉलच्या पार्किंगमधला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की जागेसाठी दुसरी गाडी थांबलेली असली की निघणारा माणूस उलट जास्त वेळ घेतो, आणि हॉर्न वाजवला तर अजून जास्त. जी जागा सोडूनच चाललाय तिच्यासाठी हे, मग रोजच्या जागेचं काय होत असेल बघा. त्यामुळे ओरखड्याच्या बोलण्यात पाहुण्यांची गाडी, मागच्या वर्षीची गळती, रात्रीचा आवाज हे काहीही आणू नका. समोरून आलं तर "ते आपण वेगळं बसून बोलू, आज गाडीचं मिटवू" एवढंच म्हणा, आणि खरंच नंतर बसा. आवाज चढायला लागला तर दोघांना मान्य असलेलं एखादं मोठं माणूस मध्ये घ्या, शक्यतो ज्याची गाडी त्या रांगेत नाही असं. तिथेही जमलं नाही तर लेखी मागणी, विमा, आणि शेवटी कायदेशीर रस्ता, पण तो छोट्या ओरखड्यासाठी क्वचितच परवडतो.

परत होऊ नये म्हणून

२.५ मीटरच्या जागेत १.८ मीटर रुंदीची गाडी बरोब्बर मध्ये लावली तरी प्रत्येक बाजूला ३५ सेंटिमीटर उरतात, त्यात दार पूर्ण उघडतच नाही. म्हणून शेजारच्या गाडीवाल्यांशी गाडी कुठल्या दिशेने लावायची ते ठरवून घ्या, एकाने पुढून आणि एकाने रिव्हर्सने लावली तर दोघांची ड्रायव्हरची दारं एकाच फटीत येऊ शकतात, दोघांनी एकाच दिशेने लावली तर येत नाहीत. रिव्हर्स घेताना सगळं लक्ष मागे असतं पण स्टिअरिंग फिरवलेलं असताना गाडीचा पुढचा कोपरा बाहेरच्या बाजूला झोकतो, बऱ्याच गाड्या तिथेच घासतात, तेव्हा पुढचे दोन्ही कोपरे एकदा बघूनच स्टिअरिंग पूर्ण कापा. खांबाला रबरी कॉर्नर गार्ड, चाकाला स्टॉपर, वळणावर बहिर्गोल आरसा, दाराच्या कडेला रबरी पट्टी, यातलं कमिटीकडून काय होतंय बघा, आणि तुमच्या गाडीच्या बाजूचा खांब असेल तर गार्डचा खर्च शेजाऱ्यांबरोबर अर्धा-अर्धा करून लगेच लावून टाका.