युद्धभूमीवरील पहिली छायाचित्रे अभिलेखागारांत कशी शोधावीत

एकोणिसाव्या शतकातील एखाद्या युद्धाचे छायाचित्र शोधायला बसण्यापूर्वी त्या काळचा कॅमेरा काय टिपू शकत होता आणि काय नाही, हे नीट समजून घ्यावे. १८५० च्या दशकात रूढ झालेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर कोलोडियन या चिकट द्रावणाचा थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि थर सुकण्याच्या आत, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, अंधारात नेऊन धुऊन काढायची, असा सगळा खटाटोप होता. काचेवर उजेड पडू देण्यासच काही सेकंद लागत, त्यामुळे धावणारा घोडा किंवा फुटणारा तोफगोळा त्यात उमटणे शक्यच नव्हते. १८५७ च्या धुमश्चक्रीचे ‘प्रत्यक्ष लढाई चालू असतानाचे छायाचित्र’ म्हणून कोणी काही दाखवले, तर ते रंगचित्र, कोरीव ठशाचे चित्र किंवा पुष्कळ नंतरची निर्मिती आहे असे समजून पुढे जावे. त्या काळच्या छायाचित्रकारांनी टिपले ते छावणीतले सैनिक, तोफा, पडके बुरूज आणि लढाई संपल्यावर मागे उरलेले मृतदेह. म्हणून शोधही त्याच शब्दांनी घ्यावा.

सुरुवात रॉजर फेन्टन या ब्रिटिश छायाचित्रकारापासून करावी, कारण त्याचे काम सहज पाहता येते आणि त्यावर डोळा तयार होतो. मँचेस्टरच्या ॲग्न्यू या प्रकाशकांनी त्याला १८५५ मध्ये क्रिमियात, रशियाविरुद्ध चाललेल्या युद्धावर पाठवले. तेथे चार महिन्यांहून कमी काळात त्याने सुमारे ३६० छायाचित्रे घेतली, त्यांपैकी २६३ छाप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर छायाचित्रांचा वेगळा कॅटलॉग आहे. त्यात छायाचित्रकाराचे नाव घालून सगळी यादी काढावी आणि हवे असलेले चित्र उघडल्यावर लहान आकाराच्या फाइलवर न थांबता उपलब्ध असलेली सर्वांत मोठी टिफ फाइल उतरवून घ्यावी. फेन्टनच्या गाडीचे छायाचित्र मी असे मोठे करून पाहिले, तेव्हा एरवी नुसता ठोकळा वाटणारी ती गाडी एकदम जिवंत झाली. मुळात ती एका दारूच्या व्यापाऱ्याची गाडी होती, फेन्टनने तिची फिरती अंधारखोली करून घेतली. तिच्या कडेला रंगवलेली अक्षरे स्पष्ट वाचता येतात आणि पुढच्या बैठकीवर त्याचा मदतनीस मार्कस स्पार्लिंग बसलेला दिसतो. रशियन तोफांच्या माऱ्यात येणाऱ्या घळीकडे निघण्यापूर्वी, गाडी परत येईल की नाही याची शाश्वती नसल्यामुळे, स्पार्लिंगच्या सुचवण्यावरून हे छायाचित्र घेतले गेले.

त्याच घळीची दोन छायाचित्रे फेन्टनने २३ एप्रिल १८५५ रोजी काढली. कॅमेरा दोन्ही वेळा एकाच जागी आहे, पण एकात रस्त्यावर तोफगोळे विखुरलेले आहेत आणि दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. आधीचे कोणते यावर अनेक वर्षे वाद चालला. उतारावरचे बारीक दगड दोन्ही चित्रांत ताडून पाहिल्यावर, गोळे असलेल्या चित्रात ते खाली घसरलेले आढळले आणि मोकळ्या रस्त्याचे चित्र आधीचे ठरले. गोळे कोणी आणि कशासाठी हलवले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मात्र मला या सगळ्या शोधकामातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येथे दिसते: एकच चित्र शोधून कधीही थांबू नये. त्याच्या आगेमागे त्याच दिवशी, त्याच जागी काढलेली चित्रे शोधावीत, कारण एकट्या चित्राखालच्या मजकुरापेक्षा त्याची शेजारची चित्रे अधिक खरे बोलतात.

अमेरिकी यादवी युद्धाच्या संग्रहात याचा पुरेपूर प्रत्यय येतो. जुलै १८६३ मधील गेटिसबर्गच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर आणि टिमथी ओ’सलिव्हन यांनी दगडांच्या आडोशाला पडलेल्या एका मृत सैनिकाचे छायाचित्र घेतले. गार्डनरने १८६६ च्या आपल्या चित्रसंग्रहात त्याला बंडखोर नेमबाज ठरवून त्याच्या एकाकी मृत्यूची कथाही जोडली. विल्यम फ्रॅसॅनिटो या अभ्यासकाने शंभराहून अधिक वर्षांनी त्या दिवसाच्या इतर काचा शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा तोच देह उतारावर दुसऱ्या जागी पडलेला आढळला. सुमारे चाळीस यार्ड उचलून नेऊन तो त्या आडोशाला ठेवला गेला होता.

या संग्रहात काम करताना काही खुणा ओळखता यायला हव्यात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत शीर्षक चौकटी कंसात असेल, तर ते मूळ वस्तूवर लिहिलेले नसून कॅटलॉग करणाऱ्यांनी दिलेले असते, म्हणून ते छायाचित्रकाराचे शब्द म्हणून उद्धृत करू नये. ‘ब्रेडी’ हे नाव दिसले तरी मॅथ्यू ब्रेडीने स्वतः काच उघडली असे धरू नये, कारण त्याच्या चित्रशाळेसाठी अनेक जण काम करत आणि बाहेर जाणाऱ्या छापांवर चित्रशाळेचे नाव असे. १८६२ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये ब्रेडीच्या दालनात अँटिटमच्या लढाईतील मृतांची जी छायाचित्रे लोकांनी पाहिली, ती गार्डनर आणि त्याचा सहकारी जेम्स गिब्सन यांची होती. शिवाय पुष्कळ काचा जोडचित्रांच्या, म्हणजे पाहताना खोली जाणवावी म्हणून शेजारी शेजारी घेतलेल्या दोन जवळजवळ सारख्या चित्रांच्या आहेत. डाव्या आणि उजव्या अर्ध्यांची वेगवेगळी नोंद झालेली असू शकते, म्हणून एक अर्धा सापडला की दुसराही शोधावा. एका अर्ध्यावर चरा किंवा डाग असला, तरी दुसरा कित्येकदा स्वच्छ निघतो. ब्रेडीच्या काचांचा दुसरा मोठा साठा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एकीकडे न मिळालेले चित्र दुसरीकडे मिळण्याची शक्यता असल्यामुळे दोन्ही ठिकाणी पाहावे.

भारताच्या बाबतीत फेलिचे बेआतो याच्याकडे वळावेच लागते. क्रिमियात काम केलेला हा छायाचित्रकार १८५८ च्या आरंभी भारतात आला आणि दिल्ली, कानपूर, लखनौ येथे हिंडला. त्याचे नाव शोधताना ‘फेलिक्स’ हे रूपही घालून पाहावे आणि त्याचा भाऊ अँटोनिओ याच्याशी गल्लत होऊ देऊ नये. अँटोनिओ पुढे इजिप्तमध्ये स्थायिक झाला. दोघांची कामे दीर्घकाळ एकाच माणसाची समजली गेल्यामुळे जुन्या नोंदींत आजही घोळ आढळतो. स्थळांची नावे जुन्या इंग्रजी वळणानेच लिहावीत. कानपूरसाठी ‘कॉनपोर’ आणि सिकंदर बागेसाठी ‘सेकंड्रा बाग’ घातल्याशिवाय कित्येक नोंदी समोर येत नाहीत. लॉस एंजेलिसचे गेटी संग्रहालय, लंडनमधील ब्रिटिश लायब्ररी आणि नॅशनल आर्मी म्युझियम, तसेच ब्राउन विद्यापीठातील ॲन ब्राउन लष्करी संग्रह येथे त्याची चित्रे आहेत.

सिकंदर बागेचे त्याचे छायाचित्र पाहताना घाई करू नये. समोर पडका वाडा, काही माणसे, एक घोडा आणि अंगणभर पसरलेली हाडे. खालच्या मजकुरात नोव्हेंबर १८५७ मधील दोन हजार बंडवाल्यांच्या कत्तलीचा उल्लेख आहे, परंतु बेआतो तेथे पोहोचला तो काही महिन्यांनी. मृतदेह तोपर्यंत झाकून टाकलेले होते आणि छायाचित्रासाठी ते पुन्हा उघडे करायला त्याने लावले, असे जॉर्ज कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ज्यांची ही हाडे, त्यांची नावे कोणीही टिपली नाहीत. हे चित्र पुढे कोणी वापरणार असेल, तर त्याखाली घटनेचा काळ आणि छायाचित्राचा काळ हे दोन्ही वेगवेगळे लिहावेत, एवढे तरी आपण त्या मृतांचे देणे लागतो.

मुंबईशी थेट नाते असलेली मोहीम म्हणजे १८६७-६८ ची ॲबिसिनियाची, म्हणजे आजच्या इथिओपियावरील स्वारी. तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई सैन्याचा सरसेनापती होता आणि चव्वेचाळीस हत्तींसह फौजेचा मोठा भाग मुंबईहून जहाजांनी गेला. रॉयल इंजिनिअर्सच्या दहाव्या कंपनीतील छायाचित्रपथक सोबत होते. त्याचे मुख्य काम नकाशांच्या प्रती काढण्याचे असले, तरी त्यांनी छावण्या, घाट, माणसे आणि मगदलाचा किल्लाही टिपला. ही चित्रे माणसाच्या नावाने शोधली तर हाती फारसे काही लागत नाही, कारण ती पथकाच्या नावाने नोंदलेली असतात. म्हणून ‘रॉयल इंजिनिअर्स’, ‘ॲबिसिनिया’ आणि ‘मगदला’ हे शब्द एकत्र घालावेत. दुसऱ्या अफगाण युद्धासाठी जॉन बर्क याचे नाव घ्यावे.

चित्र सापडल्यावर त्या क्षणी संस्थेचे नाव, नोंद क्रमांक, प्रतिकृतीचा क्रमांक, मूळ वस्तूचे स्वरूप (काच, छाप की अल्बममधील पान) आणि हक्कांविषयीची सूचना वहीत उतरवून घ्यावी. फाइलला संगणकाने दिलेले नाव बदलून त्यात नोंद क्रमांक घालावा. इतक्या जुन्या चित्रांचा स्वामित्वहक्क बहुधा संपलेला असतो, पण संस्थेने तयार केलेली प्रतिमा छापण्याच्या अटी जागोजागी वेगळ्या आहेत. गेटीची मुक्त प्रतिमा विनाशुल्क वापरता येते, इतरत्र शुल्क पडू शकते. संकेतस्थळावर चित्राची फक्त नोंद असेल आणि प्रतिमा नसेल, तर संग्रहपालांना क्रमांकासह थोडक्यात पत्र लिहावे आणि त्याच पत्रात छापाच्या मागच्या बाजूचे छायाचित्रही मागावे. मागे पेन्सिलीने लिहिलेला आकडा, विक्रेत्याचा शिक्का किंवा पूर्वीच्या मालकाचे नाव असेल, तर त्याच अल्बममधील पुढचे-मागचे पान कोठे गेले, याचा माग तेथूनच लागतो.