आजोबांच्या दाखल्यापासून सुरुवात

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या पोरींना शेती शिकवावी लागत नाही. आवणीला, म्हणजे भातलावणीला, त्या सातवीपासून उतरलेल्या असतात. अडतं ते कागदावर. घरातली पहिलीच मुलगी बीएस्सी अ‍ॅग्रीला घालायची असेल, तर दहावीच्या निकालालाच विज्ञान शाखा पक्की करा. जवळच्या आश्रमशाळेत फक्त कला शाखा आहे म्हणून तिथं नाव घातलं, की ही वाट बंद.

अकरावीच्या जूनमध्ये आजोबांची शाळा शोधा. राखीव जागेसाठी जमातीचा दाखला खरा आहे का, याची पडताळणी होते, आणि तीत 1950 पूर्वीची नोंद सगळ्यांत भक्कम. जुन्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या रजिस्टरची नक्कल, मागा. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर त्यांच्या भावाचा चालतो का बघा, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही). उतारा मिळाला की तिथंच उभं राहून वाचा. ‘सोम्या’, आडनाव कोरं, आणि नातीच्या कागदावर ‘सोमनाथ’, असं हमखास निघतं. मग प्रतिज्ञापत्र, वंशावळ, आणि चुलत भावाला वैधता (पडताळणीचं प्रमाणपत्र) मिळाली असेल तर त्याची प्रत. प्रांत कार्यालयाचा जातीचा दाखला असला तरी पडताळणीचा अर्ज अकरावीतच, कॉलेजच्या पत्रासह टाका. आम्ही एकदा बारावीच्या निकालापर्यंत थांबलो. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाची चौकशी लागली आणि मुलीचं वर्ष गेलं. चूक आमचीच.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि सातबारा एकाच फेरीत काढा. जमीन नसेल तर भूमिहीन शेतमजुराचा दाखला तहसीलदाराकडून. भटक्या-विमुक्त आणि ओबीसी मुलांना नॉन-क्रीमी लेयर जास्तीचं. बँक खातं आधारशी जोडलंय ना, हे पासबुक बघून नव्हे, बँकेत विचारूनच ठरवा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती तिथंच अडकते.

सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, संगणकावर होते. पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटात 200 प्रश्न, 200 गुण, चुकीला गुणकपात नाही. म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही, हे तिच्याकडून दहादा वदवून घ्या. त्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा साधारण 20 टक्के. अभ्यासाइतकाच माउसचा सराव महत्त्वाचा. तालुक्याच्या सायबर कॅफेत चार रविवार बसवलं तरी हाताची थरथर जाते.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं नकाशावर दाखवा. सगळे राहुरीच मागतात. पण त्याच विद्यापीठाची इतर सरकारी कॉलेजंही असतात, आणि खासगी कॉलेजच्या फीपेक्षा लांबचा प्रवास परवडतो. वसतिगृह हुकलं तर आदिवासी विभागाच्या स्वयंम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. तो अर्ज विसरू नका.

सुट्टीत एकदा इगतपुरीचं भात संशोधन केंद्र दाखवून आणा. तिथं पाट्यांवर वाणांची नावं वाचताना आमच्या एकीनं विचारलं होतं, “सर, हे लोक आमच्यासारखंच भात लावतात, मग साहेब कसे?” त्या दिवशीच तिनं वहीत दोन रकाने आखले, एकात पिकाचं गावचं नाव, दुसऱ्यात शास्त्रीय: नागली (नाचणी) – एल्युसिन कोराकाना, खुरासणी – गिझोटिया अ‍ॅबिसिनिका. पहिल्या सत्रात इंग्रजीनं गांगरून जायचं नसेल तर अशी वही आधीच हवी.

सामानात अंथरूण-पांघरूण, पांढरा अ‍ॅप्रन, कागदांच्या साक्षांकित प्रतींचे तीन संच. मूळ कागद एका पिशवीत, पिशवी तिच्याच हातात. आणि दिवाळीआधी एकदा वसतिगृहावर जाऊन या. नागलीच्या भाकरी न्या, खोलीतल्या चौघींना पुरतील एवढ्या.