सायलीच्या फीचे पंधराशे युरो पुरते पोचावेत म्हणून

माझी नोकरी नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये झाली. २७ वर्षं. छापलेला कागद उलटून दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय पुढं सरकवायचा नाही, ही सवय तिथं हाताला लागली. पैसे परदेशी पाठवताना मात्र पहिल्या वेळी मी एकच बाजू पाहिली.

मुलगी सायली स्टुटगार्टला एमएस्सी करते. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरून आलेल्या मुलांना २०१७ पासून प्रत्येक सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. पहिली फी मी बिटकोजवळच्या एका बँकेच्या शाखेतून थेट विद्यापीठाला पाठवली. पाच दिवसांनी सायलीचा फोन आला, "आई, १,४७८च पोचलेत. पोर्टलवर फी बाकी दिसतेय." शाखेत गेले तर म्हणाले, आम्ही पूर्ण पाठवले, मधल्या बँकेनं कापले. ते खरंच होतं. पण पैसे भरताना ते कुणी सांगितलं नव्हतं. लेक परक्या गावात, आणि बावीस युरोंसाठी तिची नावनोंदणी अडकलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा आधी पैसे कुठं कुठं कापले जातात ते समजून घ्या. स्विफ्ट म्हणजे पैसे वाहून नेणारी गाडी नव्हे, तो बँकांनी एकमेकींना पाठवायचा निरोप आहे. आपल्या बँकेचं त्या जर्मन बँकेत खातं नसेल तर निरोप तिसऱ्या बँकेमार्फत जातो आणि ती आपलं शुल्क रकमेतूनच काढून घेते. फॉर्मवर 'चार्जेस' असा रकाना असतो. 'शेअर्ड' म्हणजे वाटेतलं शुल्क घेणाऱ्याच्या माथी, 'अवर' म्हणजे सगळं आपण इथं भरायचं. थेट विद्यापीठाला पाठवत असाल तर 'अवर' लिहून घ्या. माझ्या फॉर्मवर 'शेअर्ड' होतं. मी सही केली, रकाना वाचला नाही.

दुसरी कात्री रेटची, आणि खरी मोठी तीच. समजा गूगलवर युरो १०० रुपयांना दिसतोय. एका ठिकाणी पाटी आहे 'ट्रान्सफर फी शून्य', पण रेट १०२.५०. दुसरीकडे फी १,००० रुपये आणि रेट १००.४०. पंधराशे युरोंना पहिल्याकडे १,५३,७५० लागतात, दुसऱ्याकडे १,५१,६००. म्हणजे शून्य फी २,१५० रुपयांना पडली. म्हणून फी किती हे विचारूच नका. माझ्या खात्यातून सगळं मिळून किती रुपये जाणार आणि तिच्या खात्यात किती युरो पडणार, हे दोनच आकडे विचारा. मी ते एकाच दिवशी, एकाच तासात तीन ठिकाणी विचारते आणि दिनदर्शिकेच्या मागं लिहून ठेवते. रेट दिवसभरात हलतो, सकाळचा एक आणि संध्याकाळचा दुसरा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

चलन बदलण्यावरचा जीएसटी कुठंही चुकत नाही. तो पूर्ण रकमेवर नसतो, हे मात्र जाणून असा. एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये. लाखापुढच्या रकमेला हिशेब निम्मा, म्हणून दीड लाखाला २२५. यापेक्षा बरंच जास्त कुणी 'टॅक्स' म्हणून सांगितलं तर हिशेब कागदावर मागा.

आता मी करते ती पद्धत. सायलीनं तिथं अॅपवर चालणाऱ्या बँकेत युरो खातं उघडलं. त्याला जर्मन आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक मिळतो, 'डीई' ही दोन अक्षरं आणि पुढं वीस आकडे. मी इथून पैसे तिच्या खात्यात पाठवते आणि विद्यापीठाची फी ती तिथून भरते. युरो देशांमध्ये सेपा नावाची व्यवस्था आहे, तिच्यात मधली बँक रक्कम कापत नाही, १,५०० पाठवले की १,५०० पोचतात. ऑक्टोबर २०२५ पासून पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का हेही तिथल्या बँका तपासून दाखवतात.

परदेशी पैसे पाठवणाऱ्या वाइझसारख्या सेवांचं तत्त्व हेच. रुपये आपल्या देशात गोळा होतात, युरो त्या देशातल्या खात्यातून दिले जातात, त्यामुळे मधल्या बँकांची साखळी टळते. ही कंपनी २०११ साली लंडनमधल्या दोन एस्टोनियन मित्रांनी काढली. एकाला पगार युरोत मिळायचा आणि खर्च पौंडांत, दुसऱ्याचं नेमकं उलट. दोघं बाजारातला खरेदी-विक्रीच्या मधला रेट पाहून एकमेकांच्या खात्यात पैसे टाकायचे.

ही गोष्ट सांगितली की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, मग माझ्या भाच्याला तिकडं युरो द्यायला सांगतो, तुम्ही मला इथं रुपये द्या." कृपा करून हे करू नका. १९९९ च्या फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे आपल्याला परकीय चलन अधिकृत बँक किंवा डीलरमार्फतच पाठवता येतं. अशी अदलाबदल हवालाच ठरते. शिवाय तिकडून मुलीच्या खात्यात अनोळखी माणसाचे पैसे आले तर तिचं खातं गोठू शकतं, तिचा व्हिसा त्या खात्याच्या कागदांवर अवलंबून असतो. दोन हजार रुपये वाचवायला हा धोका मी कधीच पत्करणार नाही.

कायदेशीर मर्यादा भरपूर मोठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत प्रत्येक व्यक्तीला एप्रिल ते मार्च या वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. पॅन लागतो, ए-टू हा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म लागतो, कारणाचा कोड लागतो. शिक्षणाची फी आणि हॉस्टेलसाठी एस ०३०५, घरखर्चासाठी एस १३०१. खरा असेल तोच घाला. टीसीएस म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो आयकर. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत तो नाही, आधी ही मर्यादा सात लाख होती. दहा लाख सगळ्या बँका मिळून धरतात, बँकेगणिक वेगळे नाहीत, पण आईचे आणि वडिलांचे मात्र वेगवेगळे. आमच्याकडे म्हणूनच फी मी पाठवते आणि घरभाडं हे. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर टीसीएस लागतच नाही. लागला तरी तो बुडत नाही, आपल्या पॅनवरच्या आयकराच्या उताऱ्यात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. तोवर पैसे अडकून राहतात, एवढंच.

लाभार्थी पहिल्यांदा जोडताना घाई नको. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, आयबॅन चार-चार आकड्यांच्या गटात मोठ्यानं वाचा. मी वाचते, सायली फोनवर पलीकडून ऐकते. बऱ्याच बँका नवीन लाभार्थीला काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत, म्हणून फीच्या शेवटच्या तारखेला हे काम काढू नका. मी आठवडाभर आधी, मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी बसते. शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो आणि काही अॅप त्या दोन दिवसांत रेटमध्ये जादा काहीतरी धरतात.

हीच गोष्ट मुलांनी तिकडं फिरतानाही लक्षात ठेवावी. स्टुटगार्टहून झ्युरिक जवळ, आणि तिथं फ्रँक चालतात. सायली शुक्रवारच्या आत अॅपमध्ये लागतील तेवढे फ्रँक करून ठेवते. आपल्याकडच्या डेबिट कार्डावर अशा खर्चाला तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे रेटवर जादा आकार, आणि त्यावर जीएसटी लागतो, ते कार्ड तिनं अडचणीपुरतं ठेवलंय. फॉरेक्स कार्डात, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डात, युरो भरलेले असताना फ्रँक खर्चले तरी वेगळं शुल्क पडतं. आणि एटीएम किंवा दुकानातलं मशीन 'तुमच्या चलनात पैसे द्यायचे का' असं विचारतं तेव्हा नाही म्हणायचं आणि तिथल्याच चलनात द्यायचे. हो म्हटलं की रेट ते मशीन ठरवतं. सायली पहिल्यांदा झ्युरिकला गेली तेव्हा स्टेशनवरच्या एटीएमसमोर उभी राहून तिनं मला फोटो पाठवला. मशीननं युरोत आकडा दाखवला होता, खाली दोन बटणं. मी जेलरोडला भाजी घेत होते. पिशवी खाली ठेवली, आकडा नीट वाचला आणि तिला लिहिलं, फ्रँकचं दाब.